दाताच्या दवाखान्यातलं हिरवं पाणी

"लिही," मामा म्हणाले. "उंचापुरा, भेदक नजरेचा, धारदार नाकाचा आणि अत्यंत अल्पभाषी असा हा गुप्तहेर…"

मी लिहून घेतलं. आता वाचकांसाठी थोडा खुलासा. मामांची उंची टोपी धरून मध्यम भरते. नजर भेदक आहे, पण त्यासाठी आधी चष्मा सापडावा लागतो आणि तो शोधायचं काम माझ्याकडे आहे. नाकाबद्दल वाद नाही. जन्मभर ते दुसऱ्यांच्या भानगडीत खुपसल्यावर धार यायचीच. आणि 'अल्पभाषी' या शब्दाचा अर्थ त्यांनी मला चहा गार होईपर्यंत समजावून सांगितला.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. बसस्थानकावरच्या 'हरवले-सापडले'च्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे आपण हजारो वस्तूंचा छडा लावला, असं ते सांगतात. वस्तू खरं तर लोकच शोधून आणून द्यायचे, मामा फक्त तिला चिठ्ठी बांधायचे. पण माणूस निवृत्त झाला की त्याला कर्तृत्व आठवायला लागतं. त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत कचेरी थाटली आणि मला मदतनीस नेमलं. या नोकरीला पगार नाही. उलट साहेबांचा नाश्ता, जेवण आणि दुपारची झोप मदतनिसाच्या घरी असते.

तर एका संध्याकाळी माझी बायको कामावरून आली आणि चप्पलसुद्धा न काढता दारातच उभी राहिली.

"मला आळशी म्हणाले," ती म्हणाली.

ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते. नंबर लावायचे, फोन घ्यायचे, आणि बाहेरच्या खोलीतली माशांची काचेची टाकी स्वच्छ ठेवायची. ती टाकी काही दिवसांपासून हिरवी पडत होती. बायकोने पाणी बदललं, काचा घासल्या, खडे धुतले. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा हिरवं. आज डॉक्टर भरल्या खोलीत म्हणाले, "बाई, तुम्ही आळशी आहात. सोमवारपर्यंत पाणी स्वच्छ राहिलं नाही, तर मी दुसरी बाई बघतो."

माझ्या बायकोला काय वाटेल ते म्हणा. ती तापट आहे, हट्टी आहे, बुद्धिबळात चिटिंग करते. पण आळशी? आमच्या घरात धूळ बसायच्या आधी परवानगी मागते. तिचे डोळे भरलेले पाहून मला त्या डॉक्टरचे दात त्याच्याच घशात घालावेसे वाटले.

"यात घातपात आहे," मामा आतून ओरडले. "माझी टोपी आण."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात हजर झालो. बाहेरची खोली नुकतीच नवी केलेली होती. डॉक्टर कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. विषय होता 'भित्र्या पेशंटचं मन कसं जिंकावं'. तिथल्या तज्ज्ञाच्या सल्ल्याने खोलीतले जाड पडदे गेले होते आणि कोपऱ्यातली टाकी थेट खिडकीत आली होती. "प्रकाश म्हणजे प्रसन्नता," डॉक्टर म्हणाले. टाकीचा पंपही त्यांनी बंद करवला होता, कारण त्याची घरघर ऐकून पेशंटना आतलं मशीन आठवायचं. शेजारी माशांच्या खाण्याचा डबा होता आणि वर पाटी, 'माशांना खाऊ घाला, भीती पळवा'. टाकीतलं पाणी मात्र पालक उकडल्यासारखं दिसत होतं. त्यातून मधूनच एखादा केशरी मासा काचेला तोंड लावून जायचा.

मामांनी भिंग काढलं आणि सगळी खोली पाहिली. पाटीवर टोपी अडकवली, त्यामुळे पाटी तेवढी पाहायची राहिली.

"फी काय घ्याल?" डॉक्टरांनी विचारलं.

"आम्ही कलेसाठी काम करतो," मामा म्हणाले, आणि गालावर हात ठेवून कळवळले.

डॉक्टरांचे डोळे चमकले. "दाढ दिसतेय. मग असं करू, प्रकरण सुटलं की आतल्या खुर्चीत तुमची दाढ काढून देतो. अगदी फुकट!"

मामांचा चेहरा टाकीतल्या पाण्याला जुळेल असा झाला. त्या क्षणापासून आमच्या तपासाचा वेग पार बदलला. मला ते उशिरा कळलं. बायकोची नोकरी वाचायची तर गुन्हेगार सापडायला हवा होता, आणि मामांची दाढ वाचायची तर तो सापडून चालणार नव्हतं.

मामांचा पहिला संशय समोरच्या दंतवैद्यावर. "त्याची पाटी हिरवी आहे. पाणी हिरवं आहे. अजून काय पुरावा पाहिजे?" आम्ही समोर गेलो. त्या बिचाऱ्याने आम्हाला पेशंट समजून बसवून घेतलं आणि मामांना 'आ' करायला सांगितलं. मामा इतक्या वेगाने बाहेर पडले की मी जिन्यात त्यांना गाठू शकलो नाही.

"निर्दोष," रस्त्यावर ते म्हणाले. "त्याच्या डोळ्यांत मी ते वाचलं."

"तुमचे तर मिटले होते."

"त्याचे उघडे होते ना!"

मग संशय चूळ भरायच्या औषधावर आला. ते हिरवं असतं. कुणीतरी चूळ टाकीत थुंकत असणार, म्हणून मामांनी प्रत्येक पेशंटच्या तोंडाचा वास घ्यायला सुरुवात केली. एका पैलवानासारख्या गृहस्थांनी त्यांना दंडाला धरून परत खुर्चीत ठेवलं, तेव्हा तो सिद्धान्त मागे पडला.

तिसऱ्या दिवशी टाकीतल्या प्लास्टिकच्या झुडपाला अटक झाली. त्याचा रंग सुटतो, असं मामांचं म्हणणं. झुडूप स्वच्छ पाण्याच्या बादलीत घालून दवाखान्याच्या अंधाऱ्या माळ्यावर ठेवलं. दोन दिवसांनी पाहिलं तर पाणी काचेसारखं नितळ.

"सराईत आहे," मामा बादलीकडे बघत म्हणाले. "पाळत असली की गप्प राहतं."

या सगळ्यात मामा दिवसभर टाकीशेजारच्या खुर्चीत बसून असायचे. आतून मशीनचा आवाज आला की त्यांचा हात आपोआप डब्याकडे जायचा आणि चिमूटभर खाऊ पाण्यात पडायचा. त्यांनी तो कधी मोजला नाही आणि मीही नाही. आम्ही गुन्हेगार शोधण्यात गुंतलो होतो.

सोमवार उजाडला. पाणी आता असं झालं होतं की मासे आहेत की नाहीत, याचाच वेगळा तपास लावावा लागला असता. खोली पेशंटनी भरली होती. बायको काउंटरवर ताठ बसली होती. तिने सकाळीच आपला डबा आणि छोटा आरसा पिशवीत भरून ठेवला होता. ते मला बघवेना.

"मामा," मी म्हणालो, "आता काहीतरी बोला."

मामा उठले. घसा साफ केला. "मित्रहो, गुन्हेगार याच खोलीत आहे! तो केशरी आहे. तो ओला आहे. या माशांनी मालकाला बदनाम करायचं ठरवून…"

"खाली बसा," कोपऱ्यातून आवाज आला.

एक बाई होत्या. गाल टम्म सुजलेला, त्यावर रुमाल. बोलताना दुखत असल्यामुळे त्या शब्द काटकसरीने वापरत होत्या. पाणीपुरवठा खात्यात रसायनतज्ज्ञ आहेत, हे बायकोने नंबर लावतानाच लिहून घेतलेलं होतं.

"शेवाळ आहे," त्या म्हणाल्या.

"शेवाळ कुणी टाकलं?" मामांनी भिंग रोखलं.

"कुणी नाही. ते थोडं असतंच. त्याला चार गोष्टी मिळाल्या की माजतं." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "ऊन. उन्हानं ऊब. पंप बंद, म्हणून पाणी उभं." मग त्यांनी मामांची टोपी उचलून पाटी दाखवली. "आणि खाऊ. मासे खातात थोडं, बाकीचं कुजतं. त्याचं खत होतं. ही बाई पाणी बदलते आणि तुम्ही सगळे नव्या पाण्याला पुन्हा खत घालता."

पैलवानासारखे गृहस्थ हळूच आपली बोटं पँटला पुसत होते. एका आजोबांनी मूठ उघडून त्यातला खाऊ परत डब्यात टाकला. दाताला भिणारा प्रत्येक माणूस दिवसभर मासे पोसत होता!

"तरी यांचा हात सगळ्यांत जास्त चालतो," बाई मामांकडे बघत म्हणाल्या. "मी बसल्यापासून बघतेय."

"ते तपासासाठी!" मामा म्हणाले. "माशांचा विश्वास संपादन करत होतो."

"मग बादली नितळ कशी राहिली?" मी न राहवून विचारलं.

"अंधारात होती. उपाशी होती." त्यांनी गाल दाबला. "आमचा अख्खा तलाव असा होतो. कडक उन्हाळा, पडलेला वारा, वरून वाहत आलेलं खत आणि सांडपाणी. तिथंही लोक आधी विचारतात, रंग कुणी टाकला? मग पहारेकऱ्याला झापतात."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि इथे तर चौघांतले तिघे चोर डॉक्टरांनी शिबिराची फी भरून घरात आणले होते, चौथ्याला पाटी लावून आमंत्रण दिलं होतं.

डॉक्टर दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी मान डोलावली. "छान. शास्त्रीय आहे. बाई, पंप चालू करा, पडदे लावून घ्या. तुम्ही राहिलात तरी चालेल." मग सुजलेल्या गालाकडे वळून म्हणाले, "या आत. बसा. आ करा."

बाई आत गेल्या, खुर्चीत बसल्या आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आ," डॉक्टर म्हणाले.

"आधी तिची माफी," बाई मिटल्या दातांतून म्हणाल्या. "मग आ."

"कुणाची?"

"जिला सगळ्यांसमोर आळशी म्हणालात तिची. मी तेव्हाही इथंच होते."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, दुखणं बोलतंय. "बरं, पुढचा पेशंट पाठवा!"

पुढचे ते पैलवानासारखे गृहस्थ होते. ते उठले, बायकोकडे एकवार पाहिलं, आणि हाताची घडी घालून ओठ आवळून बसले. आजोबांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि वर तोंडही मिटलं. बघता बघता अख्ख्या खोलीला दातखीळ बसली. मामा तर आनंदाने उभेच राहिले. "बरोबर आहे! अन्याय सहन करायचा नाही! या दवाखान्यात आज कुणीही तोंड उघडणार नाही!" हे त्यांनी तोंड उघडून तीनदा सांगितलं.

दंतवैद्याचं पोट दुसऱ्याच्या तोंडावर असतं. डॉक्टर एकेकाच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत राहिले. मग हातमोजे काढून काउंटरपाशी आले. त्यांना हे काम अगदीच नवीन असावं, कारण आधी त्यांनी फोनकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग नाइलाजाने माझ्या बायकोकडे.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"जरा मोठ्यानं," आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले.

"चुकलं माझं. तुम्ही आळशी नाही. उलट तुमच्यामुळे मासे वाचले."

आठवडाभर न रडलेली माझी बायको तेव्हा रडली. मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला, भर दवाखान्यात. आतून बाईंनी समाधानाने 'आ' केलेला ऐकू आला. खोलीभर तोंडं उघडली, लोक एकदम बोलायला लागले.

बायकोने डोळे पुसले. डबा आणि आरसा पिशवीतून काढून जागच्या जागी ठेवले. पंप लावला, पडदा ओढला. मग तिने खोलीभर नजर फिरवली आणि दाराकडे सरकणाऱ्या मामांवर आणून थांबवली.

"बसा मामा," ती गोड आवाजात म्हणाली. "प्रकरण सुटलं. तुमचा नंबर मी बाईंच्या पाठोपाठच लावलाय."