एक्क्याण्णवचा दाखला

एक्क्याण्णव या संख्येने आपण मूळ संख्या असल्याच्या दाखल्यासाठी नऊ जूनला आमच्या नगरपालिकेत अर्ज केला. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांच्याखेरीज कोणी भागू शकत नाही अशी. अर्ज मीच घेतला. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

दाखला त्याला पाण्याच्या टाकीवरच्या रखवालदारीसाठी हवा होता. कायम नोकरी. तिथे मूळ संख्याच घेतात. पूर्वी चोवीस होता. दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा येऊन त्याचे वाटे घालत आणि पाणी भलत्याच आळीत जाई.

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी आणि एक."

"एक सगळ्यांकडेच असतो," मी म्हणालो आणि रकाना कोरा सोडला.

पडताळणीची आमची पद्धत जुनी आहे. अर्जदाराला बाकावर बसवायचं आणि पंचांसमक्ष बे ते बारा पाढे मोठ्याने म्हणायचे, प्रत्येक दाहेपर्यंत. त्यात नाव आलं की अर्ज फेटाळला. पाढे मी म्हटले. पंच होत्या फाटकाजवळ भाजी विकणाऱ्या हौसाबाई. एक्क्याण्णव डोळे मिटून बसला होता. सातचा पाढा सत्तरवर थांबला. अकराच्या पाढ्यात अठ्ठ्याऐंशीनंतर एकदम नव्याण्णव आले.

"सुटला गं बाई!" हौसाबाई म्हणाल्या. "आता बाराचा जरा भराभर म्हणा की, माझी मेथी सुकतेय."

बारातही तो नव्हता. आमचे अधिकारी गिरमेसाहेब यांनी दाखल्यावर सही केली आणि हरकतींसाठी फलकावर नोटीस लावली.

सहाव्या दिवशी एक्क्याण्णव हरकत आली का विचारायला दाखला घेऊन बाकावर बसला होता, तेवढ्यात एक वृद्ध जोडपं आलं. तेरा आणि त्यांच्या पत्नी सात.

"हा आमचा आहे," सात म्हणाल्या. "गुणाकार झाला त्याच दिवशी कोणीतरी पाटी पुसली, तेव्हापासून शोधतोय."

"पुरावा?" गिरमेसाहेबांनी विचारलं.

तेरा काठी टेकून उभे राहिले आणि स्वतःचा पाढा म्हणू लागले. तेरा साते एक्क्याण्णव म्हणताना त्यांनी बाकाकडे पाहिलं. बाकावरचा एक्क्याण्णव हळूच उठून उभा राहिला.

गिरमेसाहेबांनी नियमावली चाळली. "तेराचा पाढा आपल्याकडे ग्राह्य नाही. हरकत फेटाळली. दाखला कायम. अभिनंदन, एक्क्याण्णव, सोमवारी टाकीवर हजर व्हा."

"साहेब, मग हे माझे कोण?"

"दाखल्याप्रमाणे? कोणी नाहीत."

"अहो, नाक तरी बघा, यांचंच आहे!" सात म्हणाल्या.

"बाई, नाकाचा रकाना नाही."

एक्क्याण्णवने दाखला परत टेबलावर ठेवला. "रद्द करा."

"पक्की नोकरी आहे, बाबा," मी न राहवून म्हणालो. "शिवाय उद्यापासून हे दोघं तुम्हाला हवं तेव्हा भागतील. बाकी शून्य."

"भागू देत."

रद्द करण्याच्या अर्जात कारण लिहावं लागतं. त्याने माझं पेन मागून घेतलं आणि लिहिलं : घरची माणसं सापडली.

गिरमेसाहेबांनी सही केली. टाकीवर आता सत्त्याण्णवला नेमलं आहे. तो सुट्टी मागत नाही.