केरबा पॉइंटवर दहा मिनिटं

एका जंगलात, जिथं डोंगर संपतो आणि दरी सुरू होते तिथं, एक जांभळाचं झाड होतं. नीट बसा मुलांनो. पाय पोटाशी घ्या. मागच्यांनी ढकलू नका. ढकलाढकलीचीच गोष्ट आहे ही.

त्या झाडाच्या शेंड्यावर केरबा नावाचा वानर बसायचा. केरबा राखण्या होता. राखण्यानं दिवसभर काही करायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. खाली गवत हललं आणि गवतात ठिपके दिसले, की ओरडायचं. खॅक! खॅक!

केरबाची हाक आली की ज्याला हात आहेत त्यानं झाडावर चढायचं. ज्याला पाय आहेत त्यानं पळायचं. ज्याला बीळ आहे त्यानं बिळात जायचं. कोण ओरडलं, का ओरडलं, असं कुणी विचारायचं नाही. आधी जीव वाचवायचा, मग विचारायचं. एवढा एकच कायदा होता त्या जंगलात, आणि तो सगळे पाळायचे.

केरबाला म्हादू नावाचा धाकटा भाऊ होता. म्हादूला एका जागी बसताच यायचं नाही. एकदा केरबानं त्याला राखणीला बसवलं, तर यानं पिवळं फुलपाखरू बघून हाक दिली. सगळं जंगल झाडावर. केरबानं त्याचा कान पिळला.

"गाढवा, हाक म्हणजे काय शिट्टी आहे व्हय?"

"दादा, कान तुटेल!"

"तुटू दे. एक कान गेला तरी दुसऱ्यानं ऐकशील."

असे ते दोघं. दिवसभर भांडायचे आणि झोपताना शेपट्या एकमेकांत गुंतवून झोपायचे.

आता त्या जंगलात एक कोल्हा होता. गोष्टीत कोल्हा लागतोच, त्याला इलाज नाही. हा कोल्हा एकदा खालच्या बाजारपेठेच्या गावात गेला आणि परत येताना डोक्यात एक कल्पना घेऊन आला. त्यानं पाटी रंगवली. 'डोंगर आणि जनावरं, एका दिवसात. बिबट्या दिसण्याची हमी.'

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या शेळ्या, कोंबड्या, बदकं, गाढवं गाडीत बसून यायला लागली. गाडी दोन गवे ओढायचे. गाईड होती साळुंकी. तिला सगळं पाठ होतं, आणि पाठ नसलेलं काहीच येत नव्हतं.

सकाळी डोंगर. साळुंकी सगळ्यांना कड्यावर उभं करायची आणि म्हणायची, "समोर सात डोंगर, दोन तळी आणि एक किल्ला आहे. ढग नसताना दिसतो." समोर ढग असायचा. मंडळी ढगाकडे पाठ करून फोटो काढायची आणि म्हणायची, वा, काय देखावा!

दुपारी जनावरं. त्यासाठी कोल्ह्यानं अख्ख्या जंगलाभोवती वेली बांधल्या आणि त्याला वन्यजीव उद्यान असं नाव दिलं. साळिंदरानं दुपारी दोनला काटे उभे करायचे. घुबडानं दिवसा डोळे उघडे ठेवायचे. मोरानं, पाऊस नसला तरी, मनातल्या मनात पाऊस धरून नाचायचं. सगळे कामाला लागले. एकटा बिबट्या लागला नाही. त्याला विचारायलाच कुणी गेलं नाही.

मग हमी कशी पाळायची? कोल्हा हुशार. त्याच्या लक्षात आलं की केरबाची हाक येते तिथं बिबट्या असतोच. त्यानं साळुंकीला शिकवलं, "हाक आली की मंडळींना तिकडंच पळवत न्यायचं."

कळलं का मुलांनो? हजार वर्षं जी हाक ऐकून लांब पळायचं, ती ऐकून आता जवळ पळायचं.

केरबानं कोल्ह्याला सांगून बघितलं. "साहेब, ही हाक त्यासाठी नाही."

"केरबा, तू तुझं काम कर ना. ओरड. पळायचं कुठं ते आम्ही बघतो."

आणि मग एका मंगळवारी गवत हललं. केरबानं हाक दिली. तीस-चाळीस शेळ्या धावत जांभळाखाली आल्या. खालून दिसेना, म्हणून त्या झाडावर चढल्या. शेळ्या चढतात झाडावर, खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. सगळ्या एकाच फांदीवर, दरीकडच्या. केरबा शेंड्यावरून खाली उतरला, त्यांना मागं ढकलायला. म्हणाला, "अहो बाई, मागं व्हा, फांदी वाकतेय." एक शेळी म्हणाली, "एकच फोटो." फांदी मोडली. शेळ्या खोडाकडे होत्या, त्यांनी टणाटण उड्या मारल्या. केरबा टोकाला होता.

बिबट्या? तो एवढी गर्दी बघून घाबरून केव्हाच पळाला होता.

तिसऱ्या दिवशी कोल्हा भेटायला आला. येताना केळी आणली. केरबाची आई उंबराच्या ढोलीशी तोंड फिरवून बसली होती, तिनं बघितलंसुद्धा नाही. म्हादू पुढं झाला.

"म्हादबा, फार वाईट झालं. आपल्या घरातला माणूस गेला."

"माणूस नव्हता. वानर होता. आणि तुमच्या घरातला नव्हता."

"बरोबर आहे, बरोबर आहे. आम्ही त्या जागेला त्याचं नाव देतोय. केरबा पॉइंट. सकाळी ढग, दुपारी केरबा."

म्हादूनं कोल्ह्याच्या थोबाडीत मारली. कोल्ह्यानं गाल चोळला आणि जमलेल्यांना म्हणाला, "लहान आहे. दुःखात आहे. मी मनावर घेत नाही." सगळे म्हणाले, किती मोठं मन साहेबांचं!

राखणीची जागा रिकामी ठेवून चालत नाही. म्हणून म्हादू शेंड्यावर जाऊन बसला. खाली पाटी लागली. 'येथे एका वानराने पाहुण्यांच्या आनंदासाठी अखेरची उडी घेतली.' दिवसातून दोनदा गाडी यायची. साळुंकी सांगायची, "केरबा हा अतिशय हसतमुख वानर होता. पाहुणे आले की त्याला उड्या मारून दाखवायची भारी हौस."

हसतमुख! केरबा वर्षातून दोनदा हसायचा, आणि एकदा तरी म्हादू चिखलात पडलेला बघून.

म्हादूनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी 'भारी हौस' म्हणताक्षणी तो सरसर खाली आला आणि पाटीवर उभा राहिला.

"खोटं आहे!" तो ओरडला. "त्यानं उडी मारली नाही. तो पडला. तुमच्यासारख्यांनी पाडला त्याला."

साळुंकीची चोच उघडीच राहिली. हे पाठात नव्हतं.

"सकाळी आम्ही जांभळं खात होतो," म्हादू म्हणाला. "मी बी थुंकली ती दादाच्या पाठीवर पडली. तो मला मारायला वळला, तेवढ्यात गवत हललं. त्यानं हाक दिली. ती हाक ऐकून पळायचं असतं! तुम्ही जवळ आलात. तो उतरला, तुम्हाला वाचवायला. फांदी मोडली तेव्हा मी वरच्या फांदीवर होतो. मी हात खाली केला. दादानं वर बघितलं. माझ्याकडंच बघितलं. आणि तो म्हणाला..."

इथं म्हादू रडायलाच लागला.

मग एक जाडजूड शेळीकाकू हमसून हमसून रडायला लागली. तिच्या शेजारचं गाढव रडलं. कोंबड्या रडल्या. आणि कुणीतरी खूर आपटले, मग सगळ्यांनी आपटले. टाळ्यांवर टाळ्या.

"अगं बाई, काय मनापासून बोलतो गं!" शेळीकाकू डोळे पुसत म्हणाली. "मागच्या सहलीला साळुंकीनं माहिती दिली, त्यात काही जीव नव्हता. हे कसं आतून आलं!"

साळुंकी भानावर आली. "चला मंडळी, गाडीत बसा, उशीर होतोय."

संध्याकाळी कोल्हा स्वतः जांभळाखाली आला. म्हादूला वाटलं, आता हा आपल्याला हाकलणार. त्यानं मुठी आवळल्या.

"म्हादबा," कोल्हा म्हणाला, "तुझं बरोबर आहे. आमची माहिती चुकीची होती."

म्हादूच्या मुठी सैल झाल्या.

"पाटी काढतो. साळुंकीला गप्प बसवतो. तूच सांग. खरं सांग. रोज दोन गाड्या, गाडीला चाळीस जण. महिन्याभरात सगळ्या मुलखाला कळेल, केरबा कसा होता आणि कसा गेला. तुला हेच पाहिजे ना?"

म्हादूला हेच पाहिजे होतं. खरंच हेच पाहिजे होतं. पण तो म्हणाला, "आणखी एक. हाक आली की मंडळींनी पळायचं. जवळ यायचं नाही."

"आजच पाटी लावतो," कोल्हा म्हणाला. आणि लावलीही. 'हाक आल्यावर कृपया रांगेत पळावे.'

मग रोज दोनदा म्हादू सांगायला लागला. कोल्हा एकदा मागं उभा राहून ऐकून गेला. जाताना म्हणाला, "फार छान. फक्त ते 'तो म्हणाला' आहे ना, तिथंच थांब. पुढचं सांगू नकोस. मंडळी विचार करत घरी गेली पाहिजेत."

"पण पुढचं दादा बोलला होता."

"ते तुझं तुझ्यापाशी राहू दे की. सगळंच कशाला द्यायचं लोकांना?"

म्हादूला ते पटलं. कोल्ह्याचं बोलणं पटतं, मुलांनो, म्हणून तर तो कोल्हा.

आठवडा गेला. रोज म्हादू 'तो म्हणाला'पाशी थांबायचा, मंडळी खूर आपटायची आणि साळुंकी म्हणायची, "चला मंडळी, गाडीत बसा." जांभळाच्या बीवर मंडळी हसतात हे म्हादूच्या लक्षात आलं, म्हणून तो तिथं जरा थांबायला लागला. एक गाढव रडायच्या जागी मोबाईल बघत होतं, म्हणून त्यानं दुसऱ्या दिवसापासून तिथं आवाज चढवला. एका बदकानं विचारलं, "तुम्ही रोजच रडता का हो?" म्हादूला राग आला. पण त्या दिवशी पाणी आलं नव्हतं डोळ्यात, हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं नुसते डोळे पुसले होते.

पंधराव्या दिवशी दुसरी गाडी भरून आली. म्हादू नव्या पाटीवर उभा राहिला. बोलणं रंगात आलं. "मी हात खाली केला," तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याला शेळ्यांच्या मागं, उतारावर, गवत हललेलं दिसलं. गवतात ठिपके दिसले.

वाक्य अर्ध्यावर होतं. चाळीस जण त्याच्या तोंडाकडे बघत होते. म्हादूनं वाक्य पुरं केलं. "दादानं वर बघितलं. माझ्याकडंच बघितलं. आणि तो म्हणाला..."

टाळ्या झाल्या. मग त्यानं हाक दिली. खॅक! खॅक!

शेळ्या रांगेत पळाल्या. त्यांना काही झालं नाही. पण उतारावर एक म्हातारं भेकर चरत होतं. ते सहलीतलं नव्हतं, आपलं जंगलातलंच. त्यानं गवत हललेलं बघितलं होतं. पण हाक आली नव्हती. हाक नाही म्हणजे भीती नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. म्हणून त्यानं मान खाली घालून आणखी एक घास घेतला.

बिबट्यानं त्याला ओढत नेलं. त्या गाडीतल्या चौघी शेळ्यांना तो नीट दिसला. हमी पाळली गेली. कोल्ह्यानं सगळ्यांच्या देखत म्हादूची पाठ थोपटली.

म्हादू पाठ झटकून पळत सुटला. तो थेट उंबराशी गेला आणि त्यानं आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

"आई, मी हाक उशिरा दिली गं. भेकर गेलं."

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतके दिवस तिनं केरबाबद्दल काही विचारलं नव्हतं. तिला ऐकवत नव्हतं. जांभळाकडे तर ती फिरकलीही नव्हती.

"म्हादू," ती म्हणाली, "आज मला सांग. कसा गेला रे माझा केरबा?"

म्हादूनं डोळे पुसले आणि सांगायला लागला. "सकाळी आम्ही जांभळं खात होतो. मी बी थुंकली ती दादाच्या पाठीवर पडली." इथं तो जरा थांबला. आई हसली नाही. मग त्यानं पुढं सांगितलं. गवत. हाक. शेळ्या. फांदी. "मी हात खाली केला. दादानं वर बघितलं. माझ्याकडंच बघितलं. आणि तो म्हणाला..."

म्हादू थांबला.

आई वाट बघत राहिली. मग तिनं विचारलं, "काय म्हणाला रे?"

म्हादूनं तोंड उघडलं. त्यानं आठवून बघितलं. दादाचे ओठ हलताना दिसले. पण आवाजाच्या जागी खूर आपटत होते. चाळीस शेळ्यांचे, रोज दोनदा, पंधरा दिवसांचे.

"सांग की," आई म्हणाली. "माझं नाव घेतलं का?"

म्हादूच्या ओठांवर आलं ते एवढंच.

"चला मंडळी, गाडीत बसा."

तात्पर्य: मुलांनो, खरं बोलायला कुणाला भ्यायचं नाही. ठरल्या वेळेला, रोज दोनदा बोललं, की त्याचा कुणालाच काही त्रास होत नाही.