उत्तम मार्ग ठरेपर्यंत

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात येऊन राहिलेल्या परदेशी मंडळींना स्पॅनिश येत नाही, ही गंभीर बाब प्रथम त्या मंडळींच्याच लक्षात आली. गावकऱ्यांच्या ती पूर्वीच लक्षात आली होती. पण त्यांनी ती स्पॅनिशमध्ये सांगितल्यामुळे तिची नोंद झाली नाही.

उपाय म्हणून सतरा जणांची समिती नेमण्यात आली. परक्या मुलखात राहून तिथली भाषा शिकण्याचा सर्वोत्तम मार्ग कोणता, हे तिने ठरवायचं होतं. चिटणीस म्हणून वेंडेल प्रुइट यांची एकमताने निवड झाली, कारण सभेला पेन घेऊन आलेले ते एकटेच होते. वेंडेल कॅनडातल्या विनिपेगचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. धोका पत्करण्याआधी त्याचा अभ्यास करावा, या मताचे.

समितीचा अभ्यास दर बुधवारी इंग्रजीत चाले. एक गट म्हणे, आधी व्याकरण. दुसरा म्हणे, आधी गाणी. एका सभासदाने झोपेत कानाला यंत्र लावून शिकण्याचा पुरस्कार केला. त्याला झोप उत्तम लागू लागली. होता होता अध्यक्षा थॉर्नकॉम्बबाईंनी एक मूलभूत मुद्दा मांडला. चुकीच्या मार्गाने शिकलं तर जिभेला वाईट वळण लागतं आणि ते पुढे जात नाही. सबब ठराव क्रमांक नऊ: सर्वोत्तम मार्ग निश्चित होईपर्यंत कोणत्याही सभासदाने कोणत्याही मार्गाने स्पॅनिश शिकू नये. अडीअडचणीला एका वाक्याची मुभा राहील: ‘सी, सी, मुय ब्येन.’ म्हणजे ‘हो, हो, फार छान.’

ठरावाची अंमलबजावणी कडक होती. एका डच बाईंना बाजारात टोमॅटोचा भाव समजला म्हणून नोटीस गेली. ‘मी काही बोलले नाही, मला नुसतं कळलं,’ हा त्यांचा खुलासा असमाधानकारक ठरला.

वेंडेलराव राहत ते क्रिसांताबाईंच्या घरी, वरच्या खोलीत. बाई डोंगरातल्या, सापोतेक भाषा बोलणाऱ्या गावच्या. बाराव्या वर्षी शहरात आल्या, तेव्हा स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. एका पाववाल्याकडे कामाला राहिल्या, आणि पाव मागता येईना म्हणून दोन दिवस उपाशी राहिल्या. तिसऱ्या दिवशी मागता आला. बाईंची साक्ष काढावी, असं वेंडेलरावांनी एकदा समितीला सुचवलं होतं. बाईंकडे प्रमाणपत्र नाही, शिवाय त्या साक्ष स्पॅनिशमध्ये देतील आणि ती कुणाला कळणार नाही, या दोन कारणांनी सूचना फेटाळली गेली.

रोज सकाळी बाई त्यांना कॉफी देत आणि स्पॅनिशमध्ये बोलत बसत. वेंडेलराव ऐकत. बाईंच्या कैलासवासी नवऱ्याने उभ्या जन्मात त्यांना एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. हा माणूस चार वर्षं तोंडाकडे बघत ऐकत होता, मधे बोलत नव्हता आणि शेवटी फार छान म्हणत होता. असा विचारी पुरुष त्यांनी पाहिला नव्हता.

एका सकाळी बाई म्हणाल्या, "वेंडेलराव, लेकीचा फोन होता. पार तिकडे उत्तरेला, तिहुआनाला ये म्हणते, कायमची. घर देऊन टाक म्हणते. माझं काही मन घेत नाही बघा. तिथे मला कोण ओळखतंय? इथे निदान कुणीतरी ऐकून घेतंय." कोरडीच बशी त्यांनी पुन्हा पुसली. "तुम्ही नका जाऊ म्हणालात तर नाही जायची. काय करू, सांगा ना. जाऊ?"

बाईंचा आवाज आज मऊ होता. हवेबद्दल बोलत असाव्यात, असं वेंडेलरावांना वाटलं. हवा खरंच चांगली होती.

"सी, सी. मुय ब्येन."

बाईंनी बशी ठेवली. "फार छान?"

"मुय ब्येन," वेंडेलरावांनी दुजोरा दिला.

त्यानंतर तीन आठवड्यांत बाईंनी आणखी चारदा विचारलं. शेवटच्या खेपेला कानात ठेवणीतले डूल घातले होते. वेंडेलरावांनी ते पाहिले आणि फार छान म्हटलं.

मग एका गुरुवारी कॉफी आली नाही. खाली स्वयंपाकघराला कुलूप होतं. दारात शेजारचा नाबोर टॅक्सी पुसत होता. नाबोरने अकरा वर्षं शिकागोत हॉटेलात भांडी घासली होती आणि इंग्रजी तो तिथल्या शिव्यांवरून शिकला होता.

"बाई कुठे गेल्या?" वेंडेलरावांनी इंग्रजीत विचारलं.

"तिहुआनाला. घर पुतण्याला दिलं. तुम्हीच तर जा म्हणालात."

"मी?"

"अख्ख्या आळीला ठाऊक आहे. एवढा शहाणा माणूस पाच वेळा फार छान म्हणाला, तर जाते, असं म्हणाल्या." नाबोरने फडकं पिळलं. "राग मानू नका, पण काका, तुम्ही दगड आहात."

वेंडेलराव पायरीवर बसले. नुकसान मोठं होतं. विम्याच्या कोणत्याही तक्त्यात न बसणारं.

"‘जाऊ नका’ कसं म्हणतात?"

"‘नो से वाया.’ बसा गाडीत. अकराची बस आहे."

वाटेत शिक्षकांचा मोर्चा होता, त्यामुळे सरावाला वेळ मिळाला. बस स्थानकावर पोचेपर्यंत वेंडेलराव ते तीन शब्द दोनशे वेळा म्हणाले होते.

बाई बसच्या दाराशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. वेंडेलराव धापा टाकत पुढे झाले. "नो से वाया," ते म्हणाले. उच्चार निर्दोष होता.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. मग त्या बोलू लागल्या. चांगल्या मिनिटभर बोलल्या. मधे एकदा हसल्या, वेंडेलरावांच्या बाहीवर हात ठेवला, आणि शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला. प्रश्न आहे एवढं वेंडेलरावांना समजलं. बाकी एक अक्षर समजलं नाही. मागे उभा असलेला नाबोर अर्थ सांगायला तोंड उघडत होता. पण चार वर्षांची सवय त्याच्या आधी बोलली.

"सी, सी. मुय ब्येन."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हात काढून घेतला. मान हलवली, पिशवी उचलली आणि बसमध्ये चढल्या.

बुधवारी वेंडेलरावांनी समितीपुढे कबुली दिली. आरोप गंभीर होता: अहवालापूर्वी तीन अनधिकृत शब्दांचा उच्चार. परंतु त्या शब्दांचा काहीच उपयोग न झाल्यामुळे सभासद भाषा शिकला असं सिद्ध होत नाही, असा निर्वाळा देऊन अध्यक्षांनी त्यांना दोषमुक्त केलं. या सभेचं इतिवृत्त वेंडेलरावांनीच लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा वाकडं आहे.

बाईंनी काय विचारलं होतं, ते नाबोरला माहीत आहे. त्याने दोनदा सांगू पाहिलं. वेंडेलरावांनी हात वर करून थांबवलं. भाषांतरात नको, मूळ भाषेतच समजून घेईन, म्हणाले.

समितीचा अहवाल पुढे दोनशे चौदा पानांचा निघाला. ही हकीकत आम्ही आजवर पुष्कळांना ऐकवली आहे. बसच्या दाराशी बाई काय म्हणाल्या, हे त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: समितीने शेवटी कोणता मार्ग सर्वोत्तम ठरवला? आपणही त्यासाठीच इथवर वाचत आला असाल, तर क्षमस्व.