चंद्रभानची पाचवी माघार

लोकसभेचा अर्ज भरावा तर तो हिवरखेडच्या चंद्रभान भांबुरकरनेच, असं अख्खा तेल्हारा तालुका म्हणायचा. आणि तालुका विसरलाच, तर चंद्रभान स्वतः आठवण करून द्यायचा. "माह्या अर्जात एक रकाना चुकलेला दाखवा, दुकान तुमच्या नावानं करून देतो," हे तो आपल्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. ते दुकान अजून त्याच्याच नावावर होतं, यावरून काय ते समजा.

आता एवढा वाकबगार माणूस खासदार का झाला नाही, असं तुम्ही विचाराल. तर चंद्रभान डमी होता. पक्षाचे खरे उमेदवार नानासाहेब. छाननीत त्यांच्या अर्जात काही खोट निघालीच, तर पक्ष उघडा पडू नये म्हणून मागे आणखी एक अर्ज ठेवायचा, तो याचा. पक्ष जी चिठ्ठी देतो तिच्यात वरच्या ओळीत नानासाहेबांचं नाव, खालच्या ओळीत चंद्रभानचं. साधासुधा डमी छाननीतच उडतो, पण चंद्रभान आपल्या अर्जावर दहा सूचकांच्या सह्या घ्यायचा, त्यामुळे तो शेवटपर्यंत टिकायचा. मग माघारीच्या दिवशी अकोल्याला कलेक्टर कचेरीत जायचं, माघारीचा कागद भरायचा, खाली झोकात सही ठोकायची आणि बाहेर येऊन दोन्ही हात वर करून म्हणायचं, "झालं!" चार निवडणुका झाल्या, चार माघारी झाल्या. नानासाहेब चारदा दिल्लीला गेले आणि चंद्रभान चारदा हिवरखेडला परत आला.

यंदा मात्र नानासाहेबांचे गुडघे बोलायला लागले. "आता बस्स झालं, मी निवृत्त होऊन राहिलो," असं त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं आणि तिकीट चंद्रभानला मिळालं. वीस वर्षं खालच्या ओळीत राहिलेलं नाव वरच्या ओळीत आलं! ती चिठ्ठी हातात घेऊन चंद्रभान दुकानातल्या सरकीच्या पोत्यावर बसला आणि रडला. खरंच रडला. गिऱ्हाइकांना वाटलं, पाहुण्यांत कोणी गेलं.

पण आता याला डमी कोण? डमी असा पाहिजे, की जो ऐनवेळी माघारीला नाही म्हणणार नाही. शेजारचा डोमाजी तयार होता, पण तयार होताना त्याचे डोळे जरा जास्तच चमकले. चंद्रभानने सावध होऊन घरातलाच माणूस निवडला.

"सुभद्रे, तुले फक्त दोन सह्या करा लागतात," तो बायकोला म्हणाला. "एक अर्ज भरताना, एक मागं घेताना."

"अन् मधात?"

"मधात काई नाई."

सुभद्राबाई चौदा वर्षं महिला बचत गट चालवत होत्या. बँकेच्या साहेबाला उठून उभं करायची त्यांना सवय होती. त्यांनी गटातल्याच दहा बायकांच्या सह्या घेतल्या, अर्ज भरला आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. छाननी झाली. दोघांचेही अर्ज टिकले. एक रकाना चुकला नाही.

माघारीच्या दिवशी अकोला नुसतं तापलं होतं. नवराबायको दोन वाजता कचेरीत पोचले. व्हरांड्यात एक कूलर घरघरत होता. चंद्रभानने सुभद्राबाईंना कूलरपुढच्या बाकावर बसवलं. "तू थंड्यात बस. मी कागद भरून आणतो, मंग सही कर," असं म्हणून तो आत गेला.

आत तीच खोली, तेच टेबल, तोच कागद. जुने बाबू ओळखीचे. "या भांबुरकर, आले का?" म्हणून त्यांनी खुर्ची सरकवली. कोणी उन्हाचं काढलं, कोणी तुरीच्या भावाचं. चंद्रभान गप्पा मारत होता आणि हात आपला कागद भरत होता. वीस वर्षं मुरलेला हात तो, त्याला कशाला विचार लागतो? नाव आलं, गाव आलं, खाली झोकात सही आली. कागद टेबलापलीकडे गेला.

अधिकारी मॅडम नव्या होत्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "माघार तुम्ही स्वतः घेताय ना?"

"मॅडम," चंद्रभान ऐटीत म्हणाला, "वीस वर्षांपासून मीच घेऊन राहिलो."

मॅडमनी शिक्का मारला आणि पावती दिली. चंद्रभान व्हरांड्यात आला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "झालं!"

सुभद्राबाईंनी पाण्याची बाटली खाली ठेवली. "अवो, पण माही सही?"

चंद्रभानचे हात वरच राहिले. सुभद्राबाईंनी त्याच्या मुठीतली पावती काढून घेतली, शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "हे तं तुमच्या नावानं आहे."

पुढच्या मिनिटाला चंद्रभान मॅडमपुढे हात जोडून उभा होता. "मॅडम, मी खरा उमेदवार आहो."

"होता," मॅडम म्हणाल्या. "एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. कायदाच आहे तसा. आणि मी विचारलं होतं तुम्हाला."

"मंग आमच्या पक्षाचं चिन्ह?"

मॅडमनी फाईल उघडून पक्षाची चिठ्ठी काढली. वरच्या ओळीतल्या माणसाने माघार घेतली आणि खालच्या ओळीतला माणूस शर्यतीत असला, तर चिन्ह त्याचं. मॅडमनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि खोलीतल्या सगळ्या बाबूंनी एकदम दाराकडे पाहिलं. दारात सुभद्राबाई पदर नीट करत उभ्या होत्या.

चंद्रभान बाहेर येऊन बाकावर बसला. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते स्वतःच्या हाताने, झोकात सही करून घालवलं होतं. "सुभद्रे, मी मेलो," तो म्हणाला.

"मरता काहून? उठा," सुभद्राबाई म्हणाल्या. "माही सही राहिली ते बरंच झालं. आता उभी राहिलीच आहो तं पडायसाठी नाई राहत."

एवढ्यात हसनैन आला. हा अकोल्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर. बातमीचा वास त्याला फाटकाबाहेरूनच येतो. मागे कॅमेरे होते. "चंद्रभानभाऊ, आपने खुद माघार घेतली? वीस सालनंतर तिकीट मिळालं अन् सोडून दिलं? कारण काय?"

चंद्रभानने तोंड उघडलं. खरं सांगावं, तर मतदान होईपर्यंत जिल्हा हसला असता. त्याने डोळे मिटले आणि जे सुचलं ते बोलला. "नानासाहेब निवृत्त झाले, तवाच म्या ठरवलं. माणसं लय झाली दिल्लीत. आता बाईले जाऊ द्या. म्हणून म्या माह्या हातानं माह्या बायकोले तिकीट देल्लं."

हसनैनच्या हातातली लेखणी थांबली. एक कॅमेरावाला चक्क रडला.

दुसऱ्या दिवशी चंद्रभानचा डोळे मिटलेला फोटो पहिल्या पानावर होता आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'त्याग'. मग काय विचारता! अकोटपासून पातूरपर्यंत बायकांनी सुभद्राबाईंचा प्रचार हातात घेतला. जीप गावात शिरली की ओवाळायला ताटं तयार, आणि उमेदवाराच्या आधी चंद्रभानच्या कपाळी कुंकू. पातूरच्या हलीमाबींनी तर भर चौकात त्याला उभं करून आपल्या मोहल्ल्यातल्या मर्दांना दाखवलं. "देखो, इसको बोलते आदमी!" मर्दांनी माना खाली घातल्या. डोमाजीने एकदा त्याला गाठून तक्रार केली, "भाऊ, तुमी एकदा माघार घेतली, पण आमाले घरी रोज घ्या लागून राहिली."

सुभद्राबाई थोडंच बोलायच्या. रस्ता, पाणी, बाजारभाव, बस्स. चंद्रभान मात्र त्यागावर पाऊण पाऊण तास बोलायला लागला. बोलता बोलता त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं आणि मनात एक नवा कोंब फुटला. दिवाळीच्या सुमारास विधानसभा होती. एवढं नाव झालेल्या माणसाला तिकीट कोण नाकारणार? त्याने गुपचूप अर्जाचा कच्चा मसुदाही लिहून ठेवला. एक रकाना कोरा नव्हता.

निकाल लागला. सुभद्राबाई एक लाख बारा हजार मतांनी आल्या! नानासाहेबही कधी एवढ्यांनी आले नव्हते. ढोल वाजले, गुलालाने कलेक्टर कचेरीचा रस्ता लाल झाला, बचत गटाच्या बायका फुगड्या घालायला लागल्या. गर्दीने चंद्रभानला खांद्यावर उचलून मंचावर नेलं. आयुष्यात त्याला एवढा आनंद झाला नव्हता. आता फक्त नानासाहेबांनी विधानसभेचं तेवढं सूतोवाच करायचं राहिलं होतं.

नानासाहेब काठी टेकत माइकपाशी आले. त्यांनी चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला. चंद्रभानने छाती फुगवली.

"मी चाळीस वर्षं राजकारणात काढली," नानासाहेब म्हणाले, "पण असा माणूस पाह्यला नाही. पक्षात विधानसभेची गोष्ट निघाली. कोणी म्हणे, चंद्रभानले उभं करा. म्या त्यायले झापलं. म्हटलं, ज्यानं लोकसभा अशी सोडून देल्ली, त्याच्यापुढं विधानसभेचा तुकडा टाकता? लाज नाही वाटत? आज तुमच्यासमोर शब्द देतो. मी जिवंत आहो तवापर्यंत या देवमाणसाले तिकीट देऊन त्याचा अपमान मी कोणाले करू देणार नाही!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. बायका डोळे पुसायला लागल्या. चंद्रभान तसाच उभा होता, छाती फुगवलेली, तोंड उघडं.

सुभद्राबाईंनी त्याला हळूच कोपर मारलं. "टाळ्या वाजवा. लोकं पाहून राहिले."

चंद्रभानने टाळ्या वाजवल्या.