अध्यक्षांचे चीफ

मकरंदला भेटायचं असेल तर आधी सावंतकाकांना भेटावं लागायचं, मग मकरंद अगदी समोर उभा का असेना. मकरंद म्हणजे पासिर रिस या परदेशी उपनगरातल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचा अध्यक्ष. साताऱ्याचा, इथल्या वन-नॉर्थच्या ऑफिसवस्तीत नोकरी, स्वभावाने गरीब. सावंतकाका म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनिअर आणि, त्यांच्याच शब्दांत, "अध्यक्षांचे चीफ ऑफ स्टाफ". हे पद आमच्या घटनेत नव्हतं. काकांनी ते स्वतःच निर्माण केलं आणि स्वतःच भरलं.

एकदा मकरंदची मुलगी इरा पाणी मागायला बाबाकडे निघाली. काका आडवे आले.

"विषय काय?"

"ही इज माय बाबा, लाह!" इरा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

"ते मान्य. विषय काय?"

इराने विषय सांगितला. काकांनी तिला पाणी दिलं आणि अध्यक्षांना त्रास न होता प्रकरण मिटलं.

मी मंडळात मुलांची नाटकं बसवायची. पडद्याचा रंग विचारायला गेले तरी हीच चौकशी. एकदा वैतागून म्हटलं, "काका, हे मंडळ आहे, सरकार नाही." त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. जहाजावरच्या रिकाम्या वेळात त्यांनी देशोदेशीच्या सरकारांवरची पुस्तकं वाचून काढली होती. म्हणाले, "अगं, मोठ्या देशांत राष्ट्राध्यक्षाच्या दाराशी एक माणूस असतो. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं. फोटोत तो कडेला, अर्धा कापलेला. पण अध्यक्षापुढे कुठला कागद जायचा, कोण आत जायचं, ते तो ठरवतो. चुकलं तर शिव्या त्याने खायच्या. आणि दार राखणं सोपं असतं बरं. अध्यक्षाला खरं सांगायला कुणी तयार नसतं, ते सांगणं हे त्याचं खरं काम."

हे काम ते मन लावून करायचे. कोजागरीच्या भाषणानंतर सगळे मकरंदचे हात हातात घेत होते, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "साहेब, भाषण भिकार झालं. लोक मोबाइल बघत होते." पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या मुलाला ते न चुकता साहेब म्हणायचे. कार्यक्रम असला की साहेबांचा फोन काकांच्या खिशात. अध्यक्षांचं लक्ष विचलित व्हायला नको.

म्हणूनच त्या गणेश चतुर्थीला मकरंदच्या भावाचा फोन काकांनी उचलला.

कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये मूर्ती मखरात बसली होती. प्राणप्रतिष्ठा मकरंदच्या हातून व्हायची होती. तो सोवळं नेसून पाटावर बसण्याच्या बेतात होता. गुरुजी पळीपंचपात्र मांडत होते. काका फोन कानाला लावून बाहेर गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी आणि आमच्या उपाध्यक्षा देशमुखबाई, दोघी पुढे झालो.

"मकरंदचे वडील गेले. आत्ताच. दुपारचं विमान मिळालं तर भाऊ अंत्यविधीसाठी थांबतोय म्हणाला."

देशमुखबाई मनाने वाईट नाहीत. त्या घाईघाईने म्हणाल्या, "मग आत्ता सांगू नका. कळल्याशिवाय सुतक लागत नाही. तासाभराचा प्रश्न. पूजा त्याच्या हातून होऊ दे, मग सांगू. तेवढाच वेळ बिचारा सुखात."

त्यांचं शास्त्र चूक नव्हतं. आणि अध्यक्षांपर्यंत काय पोचू द्यायचं नाही हे ठरवण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते मान डोलावणार असंच मला वाटलं.

"नाही," काका म्हणाले. "बातमी त्याची आहे. आपण कोण ठेवून घेणार?"

ते सरळ मखरापाशी गेले. मकरंद कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होता. काकांनी त्याचा हात धरून त्याला आतल्या खोलीत आणलं. मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता साहेब म्हणतील.

"मकरंद, बाळा, बाबा गेले रे."

त्याने काकांच्या खांद्यावर डोकं टेकलं. काकांनी त्याला मनसोक्त रडू दिलं. मग फोन त्याच्या हातात दिला, भावाशी बोलायला लावलं आणि शर्ट-पँट घालून टॅक्सीत बसवलं. बायको पासपोर्ट घेऊन परस्पर चांगी विमानतळावर निघाली होती. पूजेला देशमुखबाईंचे यजमान बसले.

काका वर येईनात म्हणून मी खाली गेले. ते टॅक्सी स्टँडच्या बाकावर बसले होते.

"इथेच होतो मी," ते म्हणाले. "जहाज बंदराबाहेर नांगरलेलं, मेन इंजिन दुरुस्तीला उघडलेलं. घरून आई गेल्याचा निरोप आला. कॅप्टनने ठेवून घेतला. इंजिन जोडून होऊ दे, मग सांगू म्हणाला. सांगितलं तेव्हा तिकडे सगळं आटोपलं होतं. इथून विमान होतं गं."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"कॅप्टनवर राग नाही. त्याला जहाज बघायचं होतं. पण ते दोन-तीन दिवस मी खाली इंजिनरूममध्ये सगळ्यांच्या नकला करत होतो. कुकची, कॅप्टनची. भारी जमायच्या मला. सगळे हसत होते. सगळ्यांना माहीत होतं. तरी हसत होते."

मी त्यांना नक्कल करताना कधीच पाहिलं नव्हतं. वर आरती सुरू झाली होती. "चला काका," मी म्हटलं.

"तू जा. त्याचं विमान सुटलं की येतो."

मी गेले नाही. आरती संपली, प्रसाद वाटून झाला, तरी आम्ही दोघं चांगीच्या बाजूचं आभाळ बघत तिथेच बसून होतो.