रांगेतली पहिली पिशवी

आंबा पारखावा तर मीच, हे मी साताऱ्यात कुणालाही छातीठोकपणे सांगत आलोय. आमची मुलगी राजनंदिनी सांगलीला दिली. लग्नानंतरचा हा पहिला उन्हाळा, जावई पहिल्यांदाच आमरसाला येणार, म्हणून विश्वजीतरावांना मी फोनवर बजावलं होतं, "जन्मात खाल्ला नसेल असा रस खाऊ घालतो. झाडावरून उतरवलेला पायरी, घरी पेंढ्यात पिकवलेला. तुम्ही नुसते या."

"आधी आंबे तर आणा," माझी बायको माया तेव्हाच म्हणाली. या घरात मला कुणी धड बोलूही देत नाही.

गुरुवारच्या शेतकरी बाजारात औंधकडच्या एका शेतकऱ्याकडं शेवटचे दोन डझन पायरी मिळाले. हिरवेगार, कडक, देठाला अजून चीक. पेंढ्यात घातले की पुढच्या रविवारपर्यंत बरोबर तयार. पिशवी उचलून तसाच घरी गेलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण वाटेत हरणाबाई लागल्या.

हरणाबाई दहिवडीकडच्या. लोणच्याच्या दिवसांत बाजारात बसून लोकांच्या कैऱ्या भल्यामोठ्या अडकित्त्यानं फोडून देतात. त्यांच्याभोवती पंधरा-वीस बायकांची नुसती झुंबड. हिची पिशवी तिच्या पायात, तिची कैरी हिच्या टोपलीत. मी सैन्यात वीस वर्षं काढलीत. असला गोंधळ बघितला की माझं डोकं फिरतं. त्या कैऱ्यांशी माझा काडीचाही संबंध नव्हता, तरी मी मध्ये घुसलो.

"रांग लावा! माणसं सावलीत, पिशव्या रांगेत. जिची पिशवी पुढं, तिच्या कैऱ्या आधी."

"म्हंजी कशी?" रंगुबाई नावाच्या एका बाईनं विचारलं.

आता हेही करून दाखवायचं! मी माझीच पिशवी हरणाबाईंच्या पुढ्यात ठेवली. "ही अशी. हिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी."

आणि खरोखर रांग लागली. अगदी कलिंगडाच्या टेम्पोपर्यंत गेली. तिथं ती जरा वाकडी झाली, म्हणून मी सरळ करायला गेलो, तर टेम्पोवाला म्हणतो, "काका, पिशव्या उचला, गाडी काढायची हाय." एवढ्या कष्टानं लावलेली रांग याच्यासाठी मोडायची? आमची चांगलीच जुंपली. शेवटी टेम्पो मागं गेला, पण रांग हलली नाही. छाती फुगवून मी परत आलो, तर हरणाबाई माझ्या शेवटच्या आंब्यावर अडकित्ता दाबत होत्या.

"अहो, काय करताय हे?"

"फोडतीया."

"पिकवायचे आंबे आहेत ते! पायरी आहे, पायरी!"

"आवं, पिशवी रांगंत, आंबा हिरवा. मग मी काय त्याची पूजा करू?"

"विचारायचं तरी होतं."

"कुनाला इचारू? तुमी तिकडं टेम्पोवाल्यासंगं भांडत हुता."

मी म्हटलं, हा सरळसरळ अन्याय आहे. तर रंगुबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "शिस्त शिस्त म्हनत पयला लंबर सोताचाच लावला, आन वर तिलाच वरडताय व्हय?" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. ज्यांच्यासाठी मी उन्हात घसा फोडला त्या बायकांनी! वर फोडण्याचे पैसे मोजावे लागले ते वेगळेच.

घरी मायानं पिशवीत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि लोणच्यासाठी मोहरीची डाळ काढली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पुढचा आठवडाभर मी कोरेगाव, वाई सगळं पालथं घातलं. तयार पायरी कुठंच नाही. जावयाला काय तोंड दाखवायचं, या विचारानं मला जेवण जाईना.

रविवारी विश्वजीतराव आले. पानात गरम पुऱ्या, शेजारी रिकामी वाटी. जावई वाटीकडं बघतायत, मी पंख्याकडं.

"पप्पा, रस?" राजनंदिनीनं विचारलं.

मायानं त्या वाटीत लोणचं वाढलं. जावयांनी एक फोड खाल्ली, मग दुसरी. बघता बघता वाटी संपली.

"मामा, हे कशाचं हो? असलं लोणचं मी कधी खाल्लं नाही."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मी काय बोलून गेलो? "पायरीचं. रस काय, कुणीही वाढतं. आमच्याकडं पहिल्या वर्षी जावयाला पायरीचं लोणचं घालायची पद्धत आहे. मुद्दाम गुरुवारच्या बाजारात समोर उभं राहून फोडून घेतो."

मायाला ठसका लागला.

जावयांनी तिथल्या तिथं आईला फोन लावून सगळं सांगितलं. विहीणबाईंचा आवाज घरभर घुमला. "आवं पावनं, आमच्या लेकीचं, क्रांतीचं लगीन ठरलंय. रुखवतात ह्येच लोनचं ठिवायचं बघा. मी सोताच येती गुरुवारी बाजारात. कसं फोडून घेता, त्ये मला दावा."

म्हणजे आता गुरुवारपर्यंत कुठून तरी हिरवे पायरी पैदा करायचे, ते घेऊन त्याच बायकांच्या मागं उभं राहायचं आणि विहीणबाईंच्या देखत हरणाबाईंना म्हणायचं, "फोडा."

माया म्हणते, तीही येणार आहे. बाजारात तिचं काहीही काम नाही. नुसतं बघायला.