ताट रिकामं दिसता कामा नये

रविवारी सकाळी कुंदा गावडेने वड्यांचं पीठ मळायला घेतलं, तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती. मुलुंडच्या शुभाताई आज जेवून उठल्या पाहिजेत, त्या लग्नाला होकार देऊनच. कुंदाच्या अक्षताने आणि शुभाताईंच्या सर्वेशने आपसात सगळं ठरवून टाकलं होतं. सर्वेशची आई मात्र "आधी घर बघते, मग बोलू" एवढंच म्हणाली होती. आता घर म्हणजे घाटकोपरच्या डोंगरावरची एक खोली आणि वर माळा. त्यात बघणार काय, कपाळ! म्हणून कुंदाची सगळी भिस्त कोंबडी-वड्यांवर होती.

अक्षता पार्लरला गेली होती. नवरा दादू कांदा चिरता चिरता डोळे पुसत होता. तेवढ्यात वरच्या गल्लीतला सुबोध दारात येऊन उभा राहिला. तो त्याच्या चर्चच्या तरुण मंडळाची कामं बघायचा. त्याच्या मागे घामाने निथळणारी, टोमॅटोसारखी लाल झालेली पाच-सहा गोरी पोरं-पोरी होती.

"काकी, दहा मिनिटं द्या ना. आमच्या चर्चकडे अमेरिकेतून पाहुणे आलेत. गरीब घरांत जाऊन विचारपूस करतात, प्रार्थना करतात. पण ज्यांच्याकडे जायचं ठरलं होतं ते गावाला गेलेत. माझी वाट लागली."

"म्हंजे आमी गरीब काय रे?" कुंदाने झारा रोखला.

"नाय ओ काकी! तुम्ही मोठ्या मनाच्या. म्हणून तर इथे आणलं."

मोठ्या मनाला बाई भुलली. इतक्यात सुबोधचा फोन वाजला. पाहुण्यांची दुसरी तुकडी गल्ल्यांत हरवून भलत्याच टेकाडावर पोचली होती. "बसवा यांना, आलोच," म्हणून तो जो पळाला तो पळालाच.

आता कढईत वडे तळत असताना दारी आलेल्याला नुसता चहा पाजणाऱ्यांतली कुंदा नव्हती. "एकेक वडा दे, चवीला," दादू म्हणाला. वडा दिला म्हणजे रस्सा आला, आणि रस्सा आला म्हणजे फोडी आल्याच. पोरं खूश झाली आणि ताटं लख्ख करून बसली.

इथेच घोळ झाला. या पोरांना निघताना पढवलं होतं, की ताटात काही टाकलंत तर यजमानांचा अपमान होतो. आणि कुंदाला तिच्या आईने वेंगुर्ल्याला शिकवलं होतं, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर घराची अब्रू जाते. दोन्ही बाजू शिकवणीला पक्क्या होत्या. कुंदा वाढत गेली, पोरं संपवत गेली.

कॅलेब नावाच्या ताडमाड पोराने शेवटी ताटावर आडवा हात धरला.

"लाजतो ओ," कुंदा दादूला म्हणाली आणि हात बाजूला सारून दोन वडे टाकले. नको म्हणणाऱ्याला वाढायचंच असतं, हे काय तिला शिकवायला हवं होतं?

कॅलेबने पोट धरलं.

"पोटात आग पडलीय त्याच्या!" दादू हळहळला. "टेक, टेक! यू सन, टेक!"

तिखटाने त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईची आठवण झाली असेल लेकराला," म्हणत कुंदाने टोपातली शेवटची तंगडी त्याला वाढली.

आणि दारात अक्षता उभी राहिली, केस सेट केलेली, तोंड उघडं.

"आई! टोप रिकामा? अगं, सर्वेशचा मेसेज आलाय, ते डोंगर चढतायत!"

कुंदा झारा टाकून पोरांपुढे जाऊन उभी राहिली. पोरांना तरी वाटेला लावावं, तर त्यांना उठताच येईना. एक भिंतीला टेकली होती, एक आडवा झाला होता आणि कॅलेब शुभाताईंसाठी अंथरलेल्या नव्या चादरीवर छताकडे बघत पडला होता. दादूची नजर पोरांनी येताना घरासाठी भेट म्हणून आणलेल्या पिशवीवर गेली. आत तांदूळ होते आणि मूगडाळ होती. "कुकर लाव," तो म्हणाला.

तिसऱ्या शिट्टीला शुभाताई आल्या, सर्वेश मागे. खोलीभर आडवे पडलेले गोरे आणि रिकामा टोप बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या. धापा टाकत आलेल्या सुबोधने घडलेलं सगळं सांगून टाकलं. अक्षताचा चेहरा पार पडला.

"म्हणजे आमच्यासाठी केलेली कोंबडी तुम्ही यांना वाढलीत?" शुभाताईंनी विचारलं.

"दारात आले होते ओ."

"आणि आम्हाला?"

"खिचडी." कुंदाला रडू आवरेना. "काय करू? पाहुण्यांना वडे देऊन बसले. तुम्ही... तुम्हाला मी मनात कधीच घरचं धरलंय. घरच्यांना खिचडी चालते ना, शुभाताई?"

शुभाताईंनी पर्स सर्वेशच्या हातात दिली, पदर खोचला आणि कुंदाच्या हातातला डाव घेतला.

"घरचं म्हणता, तर सरका. तुम्ही सकाळपासून उभ्या आहात. मी वाढते."

अक्षताने सर्वेशकडे पाहिलं आणि ती हसता हसता रडायलाच लागली. पार्लरचे पैसे वाया गेले, पण त्याचं कुणाला काय!

शुभाताईंची नजर मात्र कॅलेबच्या ताटावर खिळली होती.

"अगंबाई! या पोराचं ताट रिकामं? आपल्या घरातून कुणी असं उठतं का?" आणि त्यांनी वाफाळत्या खिचडीचा डोंगर त्याच्यापुढे रचला.

कॅलेब कसाबसा उठून बसला. त्याने खिचडीकडे पाहिलं, मग शुभाताईंकडे. मग डोळे मिटले, हात जोडले आणि ज्या प्रार्थनेसाठी तो सातासमुद्रापलीकडून आला होता, ती अगदी कळवळून केली.

शुभाताई भारावून गेल्या.

"बघा, किती संस्कारी पोर! हात जोडल्याशिवाय घास घेत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक डाव वाढला.